तीन वाळक्या काड्या

दिवाळी तोंडावर आली की आमच्या घरात साफसफाईचे वारे शिरते. माळ्यावरची पातेली खाली उतरतात, रद्दीची वर्गवारी होते, आणि वर्षभर ज्या वस्तूंकडे कुणी ढुंकूनही पाहिलेले नसते, त्यांचा एकेक करून निकाल लागतो. यंदा गॅलरीची पाळी आली तेव्हा आमच्या चिरंजीवांनी एक मातीची कुंडी उचलून विचारले, "बाबा, हे मेलंय. टाकू ना?"

कुंडीत माती नव्हतीच. कोळशाचे खडे होते, नारळाच्या सोडणाचे दोन-चार तुकडे होते, आणि त्यांतून वर आलेल्या तीन वाळक्या काड्या होत्या. एकीलाही पान नव्हते. शेवटचे पिवळे पान दसऱ्यानंतर गळून पडले होते. कुणी पाहुणा पाहता तर म्हणता, या घरात झाडांची फार हेळसांड होते बुवा!

"टाकू नकोस," मी म्हणालो. "मेलेलं नाही ते. रजेवर आहे."

चिरंजीव हसले. सौ. मात्र हसली नाही. चिवड्याला फोडणी देता देता तिने एकवार माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात मागल्या तीन वर्षांची एक हकीकत होती. तीच आज वाचकांना सांगायची आहे.

बांडगूळ नव्हे, बिऱ्हाडकरू

माझे आजोळ दापोलीकडचे. मामांच्या परसात एक जुना फणस होता. ऐन मे महिन्यात, आम्ही मुले सुट्टीला गेलो की, त्याच्या फांद्यांवरून जांभळ्या-पांढऱ्या फुलांचे लांबलचक घोस लोंबू लागत. 'सीतेची वेणी' म्हणतात ती हीच. एकेका घोसात शंभराच्या वर फुले. तिकडे आसामात हिला 'कपौ फूल' म्हणतात, बिहूच्या नाचात मुली ती केसांत माळतात. आसाम आणि अरुणाचल या दोन्ही राज्यांचे ते राज्यपुष्प आहे. आमच्याकडे ती माळण्याचा मान माझ्या मामेबहिणींचा असे.

मी एकदा म्हणालो, "मामा, हे बांडगूळ झाडाला खाऊन टाकील की!"

मामा म्हणाले, "बांडगूळ नव्हे रे ते. बांडगूळ झाडाच्या अंगात मुळं खुपसतं, रस चोरतं. हा नुसता बिऱ्हाडकरू. भाडं देत नाही खरं, पण घरही पोखरत नाही."

मामांनी वनस्पतिशास्त्राचे पुस्तक उघडले नव्हते. पण हे सांगणे शास्त्रशुद्ध होते. ऑर्किड, म्हणजे आपण ज्यांना आमरी म्हणतो, त्यांचे जगात अठ्ठावीस हजारांच्या आसपास प्रकार आहेत. त्यांतले कितीतरी असे झाडांवर राहतात. झाडाकडून त्यांना हवी असते ती फक्त जागा आणि उजेड. त्यांच्या मुळांवर मेलेल्या पेशींचे एक पांढरे, स्पंजासारखे वेष्टन असते. पाऊस आला, धुके आले, की ते पाणी टिपून घेते आणि मूळ हिरवे दिसू लागते. ऊन पडले की पुन्हा पांढरे. सालीवर अडकलेला पालापाचोळा, पाखरांची शीट, पावसाबरोबर वाहत आलेले चार क्षार, एवढ्यावर संसार!

त्याच परसातल्या आंब्यावर आणखी एक बिऱ्हाड होते. ते एरवी कुणाच्या डोळ्यांत भरत नसे. वीतभर लांबीच्या जाडसर कांड्या, पावसाळ्यात हिरवी पाने, दिवाळीनंतर तीही नाहीत. आणि माघात पाहावे तो त्या उघड्या कांड्यांच्या शेंड्यांवर पांढऱ्या फुलांचे झुबके! याचे शास्त्रीय नाव डेंड्रोबियम बार्बॅट्युलम. पहिल्या शब्दाचा अर्थ 'झाडावर जगणारे' आणि दुसऱ्याचा 'इवलीशी दाढी असलेले'. कारण फुलाच्या ओठावर बारीक लव असते. ही नावे मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळली. त्या वेळी ते नुसते 'मामांच्या आंब्यावरचे पांढरे' होते, आणि माझा आनंद त्याने काही कमी होत नव्हता.

छंदाची कचेरी झाली

मोठेपणी ठाण्यात बिऱ्हाड केले. एका खाजगी कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरी लागली. २००९ साली एका पुष्पप्रदर्शनातून मी जांभळ्या फुलांचे एक डेंड्रोबियम विकत आणले, तेव्हा मनात मामांचे परस होते. मुंबई-ठाण्याची दमट हवा त्याला मानवली. एकाची पाच झाली, पाचांची पंचवीस. मग वांडा आले, कॅटलिया आल्या, फेलिनॉप्सिस आल्या. फादर सांतापाव आणि कापडिया यांचे मुंबई राज्यातील ऑर्किडांवरचे १९६६ सालचे पुस्तक मी ग्रंथालयात बसून उतरवून काढले. गॅलरी भरली. सोसायटीच्या परवानगीने गच्चीचा कोपराही भरला. २०२० पर्यंत माझ्याकडे एकशे तीस कुंड्या होत्या.

आता इथे एक कबुली द्यायला हवी. मी हिशेबनीस. माझ्या प्रत्येक कुंडीला क्रमांक होता. एका वहीत खरेदीची तारीख, खत घातल्याची तारीख, फुलांची संख्या. शेवटच्या रकान्यात लाल शाईने 'फूल नाही' असा शेरा. प्रदर्शनात दुसरा क्रमांक आला तर मी आठ दिवस कुणाशी धड बोलत नसे. रविवारी सकाळी सौ. म्हणे, "अहो, चहा घ्या ना इथं बसून," तर मी म्हणे, "थांब, अजून चाळीस कुंड्या राहिल्यात."

कचेरीतून सुटून मी ज्या झाडांकडे पळत होतो, तिथेही मी कचेरीच थाटली होती.

ऑर्किडांच्या बाबतीत ही हाव काही नवी नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या श्रीमंतांना या फुलांचे अक्षरशः वेड लागले होते. त्यांच्यासाठी दूरदूरच्या जंगलांत माणसे धाडली जात. अल्बर्ट मिलिकन नावाच्या अशाच एका शोधकाने १८९१ साली आपले प्रवासवर्णन छापले. त्यात त्याने दक्षिण अमेरिकेतली एक मोहीम वर्णिली आहे. दोन महिन्यांत दहा हजार रोपे मिळवली, आणि त्यासाठी सुमारे चार हजार झाडे तोडली! वाचताना मी हळहळलो होतो. आपल्या वहीतही रोपांची नुसती मोजदादच चालली आहे, हे मात्र ध्यानात आले नव्हते.

खालून करपलेली खीर

२०२० च्या जूनमध्ये, तीन तारखेला, निसर्ग चक्रीवादळ कोकणावर आले. मामांचा फणस मुळासकट आडवा झाला, आंबाही गेला. मामांचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात. त्यांनी गड्याला हाताशी घेऊन पडलेल्या फांद्यांवरची बिऱ्हाडे सोडवली आणि उरलेल्या झाडांवर बांधली. दिवाळीत कुणा येणाऱ्याबरोबर 'पांढऱ्या'चा एक गड्डा त्यांनी माझ्याकडे धाडला. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या त्या चार काटक्या पाहून मी म्हणालो, "बघतो सवडीने." ती सवड मला कधी झाली नाही.

कारण त्या दोन वर्षांत कचेरी घरात शिरली होती. सकाळी आठला सुरू झालेले काम रात्री अकराला संपेना. दोघे सहकारी सोडून गेले, त्यांचे काम माझ्याकडे आले. मी ते घेतले. 'नाही' म्हणण्याची सवय नव्हती. पुढे झोप उडाली. मग चुका होऊ लागल्या. बेरजा करण्यात ज्याचे आयुष्य गेले, तो माणूस एकच रकाना चारदा तपासू लागला. आणि २०२२ च्या पावसाळ्यात एका सकाळी मी टेबलापाशी बसलो आणि हात पुढे जाईना. पाऊण तास तसाच बसून होतो.

डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. म्हणाले, "तुमचे रिपोर्ट उत्तम आहेत. तुम्ही नाही."

या अवस्थेला इंग्रजीत 'बर्नआउट' म्हणतात. न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करणाऱ्या हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली आपल्या लेखात हा शब्द वापरला. सेवेची तळमळ असलेली माणसेच कशी विझून जातात, हे त्याने सहकाऱ्यांत पाहिले होते आणि स्वतः अनुभवलेही होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या वर्गीकरणात त्याची नोंद केली. रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणच्या साचत गेलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून. तिची लक्षणे तीन: शक्ती पार आटून जाणे, कामाविषयी मनात दुरावा आणि कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे होणे.

आमच्या आईची भाषा याहून सोपी होती. ती म्हणाली, "खीर वरून छान दिसत होती रे, खालून करपत होती. ढवळायचं राहिलं."

मी चार महिन्यांची रजा घेतली. आणि पाहा, ज्या झाडांसाठी मला वेळ मिळत नव्हता, त्यांच्याकडे आता दिवसभर वेळ असूनही जाववेना. गॅलरीचे दार उघडले की ती एकशे तीस कुंड्यांची पलटण माझ्याकडे येणी वसूल करायला उभी आहे असे वाटे. मी दार लावून घेई.

सौ.ला वाटले, निदान यांची झाडे तरी जगली पाहिजेत. ती बिचारी सकाळ-संध्याकाळ, भर पावसाळ्यात, प्रत्येक कुंडीत तांब्याभर पाणी घालू लागली. ऑर्किडे तहानेने क्वचित मरतात. मरतात ती बहुधा पाण्याने. मुळे सतत ओली राहिली की त्यांना हवा मिळत नाही, ती कुजतात, आणि ती कूज बुंध्याकडे चढते. महिनाभरात निम्म्याहून अधिक कुंड्या काळ्या पडल्या. एके दिवशी ती माझ्यापुढे उभी राहिली, हातात सडलेला वांडा, डोळ्यांत पाणी. "अहो, मी रोज पाणी घालत होते हो," ती म्हणाली.

मला काहीच वाटले नाही. त्या काहीच न वाटण्याची मात्र फार भीती वाटली.

मलाही त्या दिवसांत सगळे तसेच पाणी घालत होते. कुणी म्हणे योगासने करा, कुणी म्हणे तीर्थयात्रेला जा, कुणी म्हणे मन रमवा. सगळ्यांच्या पोटात माया होती. पण मुळांना हवा मिळत नव्हती.

उरलेल्या कुंड्या मी एका परिचित माळ्याला देऊन टाकल्या. वही माळ्यावर गेली. रजा संपल्यावर कंपनीत कमी जबाबदारीची जागा मागून घेतली. पगारही कमी झाला. ऑर्किडचा विषय आमच्या घरात कुणी काढीनासे झाले.

"बांधायचं आणि विसरायचं"

२०२४ चा फेब्रुवारी. सकाळी दूध आणायला खाली उतरलो होतो. आमच्या सोसायटीच्या आवारात एक आंबा आहे. त्याला मोहोर आला होता. पण एका फांदीच्या बेचक्यात मोहोरापेक्षा पांढरे असे काहीतरी दिसले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले. पान नसलेल्या आठ-दहा कांड्या, आणि त्यांच्या शेंड्यांवर पांढऱ्या फुलांचे झुबके. दुधाची पिशवी हातात धरून मी किती वेळ उभा होतो कोण जाणे. रखवालदार येऊन विचारून गेला, "साहेब, काही पडलं का?"

वर येऊन सौ.ला विचारले. ती म्हणाली, "अगंबाई! मामांचं झाड ते. तुम्हाला सवड नव्हती म्हणून मीच बांधलं होतं त्या दिवाळीत, माझ्या जुन्या सुती साडीची चिंधी फाडून. मामा फोनवर म्हणाले होते, 'सूनबाई, बांधायचं आणि विसरायचं.' मी बांधलं, आणि खरंच विसरले."

सव्वातीन वर्षे त्या झाडाला कुणी पाणी घातले नव्हते, खत दिले नव्हते, क्रमांक दिला नव्हता. चार महिने पाऊस पडला, तेव्हा त्याने पाने काढली आणि अन्नपाणी कांड्यांत साठवून ठेवले. पाऊस थांबला, तशी पाने टाकून दिली. पानांतूनच पाणी उडून जाते; ती टाकली की खर्च थांबतो. मग तीन-चार महिने ते नुसते बसून राहिले. त्या बसून राहण्यातच फुलांची तयारी होती. त्या काळात लाडाने पाणी पाजत राहिले असते, तर कांडी कुजली तरी असती, नाहीतर फुलांऐवजी नुसते हिरवे कोंब आले असते.

आधी मला थोडे लागले, हे खोटे कशाला सांगू? एवढी वर्षे मी ज्यासाठी जिवाचे रान केले, ते माझ्यावाचून छान चालले होते! मग हळूहळू त्याच गोष्टीने बरे वाटू लागले. सगळे आपल्यावर अवलंबून नाही, हे कळल्यावर खांद्यावरचे ओझे उतरावे तसे.

संध्याकाळी मामांना फोन केला. "मामा, एक फुटवा काढून कुंडीत लावू का?"

"लाव की! पण आत्ता नको. पावसाच्या तोंडावर, नवा कोंब हलला की लाव. आणि रोज उठून त्याला कसा आहेस म्हणून विचारू नकोस. आजारी माणसालासुद्धा इतकं विचारत नाहीत."

मेअखेर मी तीन कांड्यांचा एक फुटवा काढला आणि कुंडीत बसवला. त्याच रात्री माळ्यावरून वही काढली, कोरे पान उघडले आणि वर ठळक अक्षरात '१' घातला. सौ. पाठीमागे उभी होती. ती एवढेच म्हणाली, "अहो, पुन्हा रजिस्टर?"

मी वही मिटली. दुसऱ्या दिवशी ती रद्दीत गेली.

ज्यांना हौस आहे त्यांच्यासाठी

हे वाचून कुणाला एखादी कुंडी ठेवावीशी वाटली, तर अनुभवाचे चार शब्द सांगतो.

पहिली गोष्ट, जंगलातून ऑर्किड ओरबाडून आणू नका. ते तिथे फार हळू वाढलेले असते. त्याचे बी धुळीसारखे बारीक. त्यात अन्नाचा साठाच नसतो. विशिष्ट बुरशीची सोबत मिळाल्याशिवाय ते रुजत नाही, हे नोएल बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली दाखवले. पुढे १९२२ साली अमेरिकेत लुईस नडसन यांनी बाटलीत साखर आणि क्षार घालून बुरशीवाचून बी रुजवण्याची युक्ती काढली. १९६० साली जॉर्ज मोरेल यांनी कोंबाच्या शेंड्याच्या कणापासून हुबेहूब रोपे करून दाखवली. या दोघांच्या कृपेने एके काळी राजेरजवाड्यांना परवडणारे फूल आज रोपवाटिकेत तुम्हाआम्हाला मिळते. मग जंगलाला हात कशाला लावायचा? सगळ्या ऑर्किडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइट्स' कराराचे नियंत्रण आहे, ते उगीच नव्हे.

दुसरी गोष्ट, सुरुवात एकाच डेंड्रोबियमने करा. मुंबई-ठाणे-कोकणच्या हवेत ते सोसते. कुंडी मातीची, बाजूंनाही भोके असलेली घ्या. आत माती मुळीच नको; कोळसा, विटांचे तुकडे, नारळाचे सोडण पुरे. सकाळचे कोवळे ऊन मिळावे, दुपारचे नको. पुण्यासारख्या कोरड्या हवेत कुंडीखाली खडी घातलेली पाण्याची ताटली ठेवा. पण कुंडीचा तळ पाण्यात बुडू देऊ नका.

तिसरी गोष्ट पाण्याची. मुळाकडे पाहा. हिरवे असेल तर पुढे चला. पांढरे पडले असेल तर सकाळी पाणी द्या, म्हणजे रात्रीपर्यंत पाने कोरडी होतात. खत वाढीच्या दिवसांत, तेही अगदी पातळ. बाजारच्या जांभळ्या जाती बहुधा पाने धरून राहतात. त्यांना हिवाळ्यात पाणी कमी करावे, तोडू नये. आपल्या 'पांढऱ्या'सारख्या पाने टाकणाऱ्या जातींना मात्र विश्रांतीत नुसता अधूनमधून शिडकावा पुरतो. आणि पान नसलेली जुनी कांडी कापू नका. तिच्यात शिदोरी असते. तिच्या तळाशी उसाच्या डोळ्यासारखा एक डोळा असतो. पुढचा कोंब तिथूनच येतो.

आणखी एक. ऑर्किड हे औषध नव्हे. माझ्यासारखी अवस्था कुणाची झाली असेल, झोप गेली असेल, जगण्याचाच कंटाळा आला असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा आणि कामाचे ओझे कमी करून घ्या. मला रजेने, डॉक्टरांनी आणि घरच्या माणसांनी उठवले. झाड नंतर आले.

माघाची वाट

या हकीकतीचा शेवट फुलांनी करता आला असता तर दिवाळी अंकाला शोभला असता. पण खरे सांगायचे तर २०२५ च्या फेब्रुवारीत खाली आंब्यावरचे बिऱ्हाड बहरले आणि माझ्या कुंडीत एकही फूल आले नाही. घर बदललेले झाड वर्षभर रुसते. जुना मी असतो तर लाल शाईने शेरा मारला असता. या खेपेस मी आणि सौ. चहाचे कप घेऊन खाली गेलो, आंब्याखालच्या बाकावर बसलो आणि तिथली फुले पाहून आलो. चाळीस कुंड्या राहिल्या नव्हत्या. त्यामुळे चहा गरम होता.

या पावसाळ्यात कुंडीत एक नवी कांडी आली. जुन्या दोन जरा सुरकुतल्या आहेत, नवी चांगली टणक आहे. आता तिघींचीही पाने गेली आहेत. चिरंजीवांनी कुंडी पुसून पुन्हा कठड्यावर ठेवली आणि विचारले, "मग यंदा फुलं येतील का, बाबा?"

"ठाऊक नाही," मी म्हणालो.

आतून सौ.ने चिवड्याची बशी पुढे केली. म्हणाली, "बघा, मीठ बरोबर आहे का?" मीठ बरोबर होते. मी तिथेच गॅलरीत, त्या तीन वाळक्या काड्यांशेजारी बसून तो संपवला.